तीस फेऱ्यांची ओळख

माफीचं पत्र साहेबांनी स्वतः टाईप करून आणलं होतं. तारीख, माझं पद, खाली सहीसाठी ठिपक्यांची रेघ, सगळं तयार. मजकूर चार ओळींचा: माझ्याकडून नजरचुकीनं एक आकडा चुकीचा भरला गेला, त्याबद्दल मला खेद आहे, पुन्हा असं होणार नाही. त्यांनी कागद माझ्या कीबोर्डवर ठेवला, शेजारी स्वतःचं पेन ठेवलं आणि शांतपणे म्हणाले, "टायपिंगची चूक कोणाचीही होते, मॅडम. सही करा, विषय संपेल."

मी पेन त्यांना परत दिलं. म्हटलं, "चूक माझी नाही. सही होणार नाही."

हे बोलणं हिंदीत झालं. ऑफिसात सगळं हिंदीतच चालायचं. इथे मी ते मराठीत सांगते आहे, कारण राग मला अजूनही मराठीतच येतो.

नव्वदचं दशक अर्ध्यावर आलं होतं. भिलाई तेव्हा मध्य प्रदेशात होतं, कुठल्याही मोठ्या कागदासाठी भोपाळकडे बघायचे दिवस होते. मी सव्वीस वर्षांची होते. गणितात एम.एस्सी. करून औद्योगिक वसाहतीतल्या एका ओतकामाच्या कारखान्यात कॉम्प्युटर ऑपरेटर म्हणून लागले होते. कारखान्याचं नाव सांगत नाही. तो पुढे बंद पडला आणि तिथली माणसं चार गावांना पांगली. बाबा मोठ्या पोलाद प्लांटमध्ये, रूळ बनवणाऱ्या रेल मिलला होते. आम्ही सेक्टर दहाच्या क्वार्टरमध्ये राहायचो. घरात भंडाऱ्याकडची बोली, फाटकाबाहेर हिंदी, भाजीवालीशी छत्तीसगढी, असं आमचं चालायचं.

माझं काम साधं होतं. भट्टीतून एका वेळी ओतलेल्या लोखंडाला हीट म्हणतात आणि प्रत्येक हीटला नंबर असतो. प्रयोगशाळेतून हीटमागे एक चिठ्ठी यायची, तिच्यावर पाच आकडे: कार्बन, सिलिकॉन, मँगनीज, गंधक, फॉस्फरस. ते मी मशीनमध्ये भरायचे. त्यावरून ग्राहकाला द्यायचं प्रमाणपत्र छापलं जायचं. गंधक ठरलेल्या हद्दीबाहेर गेलं तर लोखंड ठिसूळ होतं आणि ती हीट बाजूला काढावी लागते.

त्या वर्षी एका ग्राहकाकडे आमचा एक ओतीव भाग लेथवर चढवल्यावर तडकला. नशिबानं कोणाला लागलं नाही. त्यांनी तुकडा तपासला, तर गंधक शून्य पूर्णांक शून्य सात एक. आमच्या प्रमाणपत्रावर होतं शून्य शून्य चार एक. हद्द शून्य शून्य पाचची. प्रयोगशाळेच्या रजिस्टरात सात एकच लिहिलेलं निघालं. म्हणजे आकडा बदलला तो कॉम्प्युटरमध्ये, आणि कॉम्प्युटर म्हणत होता की बदल माझ्या नावानं झाला आहे. आमची सिस्टीम तारीख नोंदवायची, वेळ नोंदवायची नाही. त्या दिवशी मी कामावर होते.

आता त्या वहीबद्दल सांगायला हवं. साहेबांच्या ड्रॉवरमध्ये लाल पाठीची एक वही असायची. आम्ही सहा ऑपरेटर दर तीन महिन्यांनी नवा पासवर्ड ठेवायचो आणि तो त्या वहीत आपापल्या नावापुढे लिहायचो. कोणी सुट्टीवर गेलं तर काम अडू नये, हे कारण. ड्रॉवरला कुलूप नव्हतं. साहेब जेवायला स्मृती नगरला घरी जायचे, तेव्हा त्यांची खोली दीड तास उघडी असायची. मीही त्या वहीत माझा पासवर्ड निमूटपणे लिहीत आले होते. कधी विचारलं नव्हतं की हे कशाला. तेवढी चूक माझी होती, आणि ती मी कबूल करायला तयार होते. पण तसं पत्र कोणी टाईप करून आणलं नव्हतं.

मी सात एक भरला होता हे मला नक्की माहीत होतं, आणि ते कसं, हे सांगायला मामाकडे जावं लागेल.

माझा मामा अहिवाऱ्याजवळ चुनखडीच्या एका खाणीच्या ऑफिसात टेलिप्रिंटरवर होता. शाळेत असताना सुट्टीत मी त्याच्याकडे राहायला जायची. रोज संध्याकाळी त्याला कोणत्या वॅगनमध्ये किती माल गेला त्याच्या आकड्यांचा तक्ता पाठवावा लागे. लाइन खराब असायची, तीनचे आठ व्हायचे. मग मामानं स्वतःची एक पद्धत काढली होती. प्रत्येक आडव्या ओळीच्या शेवटी त्या ओळीची बेरीज लिहायची, आणि प्रत्येक उभ्या रकान्याच्या खाली त्या रकान्याची. तिकडच्या माणसानं बेरजा ताडून बघायच्या. एक ओळ आणि एक रकाना जुळला नाही, तर ते दोन्ही जिथे एकमेकांना छेदतात तिथलाच आकडा बिघडलेला. कितीनं बिघडला तेही बेरजेवरून कळतं. पुन्हा विचारायची गरज नाही, तिकडच्या तिकडे दुरुस्त. मामाला हे कोणी शिकवलं नव्हतं. पुढे एम.एस्सी.ला चुका दुरुस्त करणाऱ्या कोडचा विषय निघाला तेव्हा पहिल्याच तासाला मला मामाचा तक्ता दिसला, आणि मी वर्गात एकटीच हसले.

ती सवय मला लागली होती. दिवसभराच्या हीट भरून झाल्या की मी मशीनवरच्या तक्त्यावरून आडव्या-उभ्या बेरजा करून माझ्या डायरीत लिहून ठेवायची. कोणी सांगितलं नव्हतं. चूक झाली असेल तर मला आधी कळावी, एवढंच.

पत्र परत केल्यावर मी डायरी काढली. त्या दिवसाचा तक्ता मशीनवरून छापून घेतला आणि बेरजा केल्या. एकच ओळ जुळत नव्हती, त्याच हीटची. एकच रकाना जुळत नव्हता, गंधकाचा. दोन्हीकडे फरक शून्य शून्य तीनचा. मी संध्याकाळी बेरजा लिहिल्या तेव्हा तिथे सात एक होता, आणि नंतर कोणीतरी त्याचा चार एक केला होता. डायरी आणि कागद घेऊन मी साहेबांच्या खोलीत गेले. त्यांनी ते नीट पाहिलं. ते अडाणी नव्हते, त्यांना लगेच समजलं. मग डायरी मिटून माझ्याकडे सरकवत म्हणाले, "डायरी तुमची, बेरजा तुमच्या, अक्षर तुमचं. काल रात्री बसून लिहिल्या असतील. लॉगिन मात्र मशीनचं आहे. मशीन खोटं बोलत नाही."

पुढच्या आठवड्याच्या शेवटी ग्राहकाकडून तपासनीस येणार होते. तोपर्यंत सही झाली नाही तर खात्याची चौकशी लागेल, असं त्यांनी सांगितलं.

घरी आईचं म्हणणं सरळ होतं. चार ओळींसाठी नोकरी घालवायची कशाला, सही करून मोकळी हो. बाबा पहिल्या पाळीहून आले होते, पाय धुऊन खाटेवर बसले होते.  मग त्यांनी मला एक गोष्ट सांगितली, जी मी त्याआधी कधी ऐकली नव्हती. आईनंही ऐकली नव्हती, हे तिच्या चेहऱ्यावरून कळलं.

भिलाईला यायच्या आधी, लग्नाच्याही आधी, बाबा एका कापड गिरणीत होते. तिथे प्रत्येकाला पितळेचा बिल्ला असे, नंबर कोरलेला. आत जाताना बिल्ला फळ्यावर टांगायचा, ज्या मागावर काम त्याच्यासमोर. एकदा बाबा तापानं खोलीवर पडले होते आणि त्यांचा बिल्ला कोणीतरी टांगला. त्या दिवशी तो माग मोडला. बिल्ला बाबांचा म्हणून जबाबदारी बाबांची. त्यांनी सांगून पाहिलं, कोणी ऐकलं नाही. शेवटी त्यांनी माफीच्या कागदावर सही केली. पंधरा दिवसांनी त्याच कागदाच्या जोरावर त्यांना काढून टाकलं.

"कबूल केलं त मग काढाले काय लागते," बाबा म्हणाले. "मी सही केली होती, बाई. तू नको करू."

मी म्हटलं, "पण बाबा, मी नाही केलं हे दाखवू कशी?"

"ते मले नाही समजत. तू शिकली आहेस."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी रायपूरला माझ्या प्राध्यापक बाईंकडे गेले. बाईंनी सगळं ऐकून घेतलं, चहा दिला, आणि कपाटातून एका शोधनिबंधाची झेरॉक्स काढली. परदेशातून त्यांच्या कोणा ओळखीच्यानं पाठवली होती, ताजा निबंध होता. बाई म्हणाल्या की यानं तुझी सुटका होईल असं मी म्हणत नाही, पण पासवर्ड न सांगताही माणूस आपली ओळख पटवू शकतो हे यात आहे, आणि तेही आपल्या त्या कोडवरच उभं केलेलं. परतीच्या गाडीत मी ती पानं तीनदा वाचली. भिलाई केव्हा मागे पडलं ते कळलंच नाही, पुढच्या दुर्ग स्टेशनावर उतरावं लागलं. दुर्गहून टेम्पोनं परत आले.

त्या पानांतली गोष्ट मला जशी समजली तशी सांगते. मामाच्या तक्त्यात चूक एक असेल तर बेरजांवरून ती लगेच सापडते. पण तक्ता खूप मोठा घेतला, तो कसाही, काही नियम न ठेवता बनवला, आणि चुका पन्नास-पाऊणशे झाल्या, तर बेरजा बिघडल्या आहेत एवढं दिसतं. चुका नेमक्या कुठे आहेत ते शोधायची कोणतीही चांगली रीत कोणाला माहीत नाही. जे मामाला दुखणं वाटलं असतं, त्याचं या निबंधात कुलूप केलं होतं.

एक तक्ता घ्यायचा, दोनशे छप्पन्न ओळी, पाचशे बारा रकाने, प्रत्येक घरात शून्य किंवा एक. तो सगळ्यांना देऊन टाकायचा, हवं तर भिंतीवर लावायचा. मग मी त्यातले छप्पन्न रकाने गुपचूप निवडायचे आणि त्यांची ओळीओळीनं बेरीज करायची. सम आली तर शून्य लिहायचं, विषम आली तर एक. बाजूला जो दोनशे छप्पन्न आकड्यांचा रकाना तयार होतो ती माझी जाहीर खूण. तीही भिंतीवर. कोणते छप्पन्न रकाने निवडले, हे मात्र फक्त मला ठाऊक. तेच माझं गुपित.

आता ते गुपित माझ्याजवळ आहे हे पटवायचं कसं? मी दर फेरीला एक नवा पडदा बनवते, म्हणजे कसेही निवडलेले शून्य-एक, आणि तो गुपितावर टाकते. शिवाय रकाने पत्त्यांसारखे पिसते, तेही दर वेळी नव्यानं. मग तीन बंद लिफाफे पुढे ठेवते. पहिल्यात पिसण्याचा क्रम आणि एकट्या पडद्याची बेरीज. दुसऱ्यात पिसलेला पडदा. तिसऱ्यात पडद्यासकट पिसलेलं गुपित. समोरच्यानं सांगायचं, यातले कोणते दोन उघडायचे. पहिला आणि दुसरा उघडला, तर पडदा सरळ बनवला आहे हे दिसतं. पहिला आणि तिसरा उघडला, तर पडद्याखाली जे आहे ते माझ्या जाहीर खुणेशी जुळतं. दुसरा आणि तिसरा उघडला, तर पडदा बाजूला काढून मोजता येतं की आत बरोबर छप्पन्नच आहेत, पण ते पिसलेले, त्यामुळे मूळ जागा कळत नाहीत. ज्याला गुपित माहीत नाही तो लबाडीनं यातल्या कोणत्याही दोन प्रश्नांची तयारी करू शकतो, तिन्हींची नाही. म्हणजे एका फेरीत तीनपैकी दोनदा तो निसटेल. पण तीस फेऱ्या सलग निसटणारा जवळपास दोन लाखांत एखादा. आणि तीस फेऱ्या पाहूनही समोरच्याच्या हाती गुपिताचा कणही लागत नाही.

त्या आठवड्यात मी ऑफिसातलं काम संपवून रोज दोन तास मागे थांबले आणि हा सगळा प्रकार सी भाषेत लिहून काढला. लिफाफ्यांच्या जागी असं गणित वापरलं, जे आतल्या मजकुरावरून एक छोटा शिक्का बनवतं, पण शिक्क्यावरून मजकूर परत मिळू देत नाही. शिवाय आणखी एक प्रोग्रॅम लिहिला, लबाडाचा. तीनपैकी दोन प्रश्नांना खोटी पण चोख उत्तरं देणारा. तो लिहिल्याशिवाय माझं मलाच खरं वाटलं नसतं.

बाबांना मी ते अंगणात समजावलं. शर्टाच्या गुंड्या, बारा खान्यांचा आखलेला पुठ्ठा आणि आईनं जपून ठेवलेले लग्नपत्रिकांचे जुने लिफाफे. बाबा दर वेळी दोन लिफाफे निवडायचे, मी उघडायची. दहाएक वेळा झाल्यावर त्यांनी पुठ्ठा हातात घेतला, उलटसुलट पाहिला.

"समजलं," म्हणाले. "बिल्ला माह्यासारखा फळ्यावर टांगून नाही राहिली तू. आहे म्हणून दाखवून राहिली, पण देऊन नाही राहिली."

त्यानंतर मी अनेक वर्षं हा विषय शिकवला. याहून नेमकं मला कधी सांगता आलं नाही.

तपासनीस शुक्रवारी आले. साठीला टेकलेले, हाफ शर्ट, खिशात छोटी मोजपट्टी. बैठकीच्या खोलीत ते, साहेब आणि मी, तिघंच. साहेबांनी लॉगिनचा कागद पुढे ठेवला, मी डायरी ठेवली. तपासनिसांनी डायरीतल्या बेरजा स्वतः करून पाहिल्या, मान हलवली. मग तेही तेच बोलले, की डायरी नंतर लिहिता येते. मी म्हटलं, बरोबर आहे. आणि विचारलं की वही बघितलीत का.

त्यांना वहीबद्दल कोणी सांगितलं नव्हतं. साहेबांना ती आणावी लागली. तपासनिसांनी पान उघडलं, सहा नावं, सहा पासवर्ड, निळ्या शाईत. ते साहेबांना म्हणाले की म्हणजे हे पान वाचलेला कोणीही यांच्या नावानं बसू शकतो. साहेब म्हणाले की व्यवस्था अशीच असते, नाहीतर कोण खरा कोण खोटा हे ठरवणार कसं, कुठेतरी पासवर्ड लिहिलेला असायलाच हवा.

"नाही," मी म्हटलं. "मी इथे दाखवते."

शेजारच्या खोलीत दोन मशीन मी आधीच केबलनं जोडून ठेवली होती. तपासनीस एका मशीनवर बसले, मी दुसऱ्यावर. जाहीर तक्ता आणि माझी खूण त्यांच्या मशीनवर होती, छापूनही दिली होती. प्रश्न मशीननं निवडला तर मीच तो ठरवून ठेवला असेल असं कोणी म्हणू नये म्हणून एक, दोन, तीन लिहिलेल्या चिठ्ठ्या एका स्टीलच्या पेल्यात टाकून दिल्या. ते चिठ्ठी काढत, आकडा टाईप करत, माझं मशीन उत्तर देई, त्यांचं मशीन ते तपासून सांगे. पहिल्या पाच-सहा फेऱ्यांत ते दर वेळी मला काहीतरी विचारत होते, हे का, ते कशावरून. पुढे नुसत्या चिठ्ठ्या काढत राहिले. तीसच्या तीस फेऱ्या बरोबर. सगळी देवाणघेवाण प्रिंटरवर छापत होती, घड्या पडत कागद जमिनीपर्यंत गेला होता.

तो सगळा कागद प्रिंटरवरून फाडून मी साहेबांपुढे ठेवला. म्हटलं, मी जे जे बोलले ते सगळं यात आहे, एक अक्षर लपवलेलं नाही. आता माझ्या खुर्चीवर बसा आणि मी म्हणून ओळख पटवून दाखवा. साहेब म्हणाले की मला तुमचा प्रोग्रॅम येत नाही. मी त्यांना लबाडाचा प्रोग्रॅम चालू करून दिला आणि तो काय करतो तेही सांगितलं. फसवण्याची यापेक्षा चांगली रीत मला माहीत नाही, मी म्हटलं, ती तुम्हाला फुकट.

साहेब बसले. ते बसतील असं मला खरं तर वाटलं नव्हतं. पहिली फेरी निघाली, दुसरी निघाली, तिसरीही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी चिठ्ठ्यांचा पेला तपासनिसांकडे सरकवला. चौथ्या चिठ्ठीला तपासनिसांच्या मशीननं नकार दिला.

"पुन्हा बघा," तपासनीस त्यांना म्हणाले. दुसऱ्या खेपेला पहिल्याच फेरीत नकार आला. साहेब उठले आणि खुर्ची टेबलाखाली सरकवली.

तपासनिसांनी मग मला जो प्रश्न विचारला त्याची मी वाट पाहत होते. ते म्हणाले, "आज तुम्ही तुम्हीच आहात हे पटलं. पण त्या दिवसाचं काय? यातून तुम्ही आकडा बदलला नाही हे सिद्ध होतं?"

"नाही होत," मी म्हटलं. "त्या दिवसाबद्दल मी काहीच सिद्ध करू शकत नाही. तुम्हीही करू शकत नाही. या वहीमुळे त्या दिवशी माझ्या नावाला काही अर्थ उरला नव्हता. म्हणून मी सही करणार नाही. ज्या गोष्टीचा पुरावा कोणाजवळच नाही, ती माझ्या सहीनं खरी करून घेताय तुम्ही."

तपासनिसांनी वहीच्या त्या पानाची झेरॉक्स मागितली, पासवर्ड कागदानं झाकून. मग चहा न घेता गेले.

त्यांच्या अहवालात माझ्या तीस फेऱ्यांचा उल्लेखही नव्हता. पुढे मी तो पाहिला. आकडा प्रयोगशाळेतून बरोबर निघाला, कॉम्प्युटरमध्ये बदलला, आणि पासवर्ड सामाईक वहीत ठेवले जात असल्यामुळे बदल कोणी केला हे लॉगिनवरून ठरवता येत नाही, एवढंच होतं. मला तेवढं पुरे होतं. चौकशी लागली नाही. माफीचं पत्र मागे घेतल्याचं मात्र मला कोणी कधी सांगितलं नाही. ते नुसतं बोलण्यातून नाहीसं झालं. आठवडाभरानं माझी बदली भांडारात झाली, नटबोल्टच्या याद्या करायला. कारण विचारलं तर कामाची गरज.

आकडा कोणी बदलला ते कधीच कळलं नाही. माझा एका माणसावर संशय होता, आजही आहे. पण पुराव्याशिवाय नाव घेतलं जाणं काय असतं ते मला कळलेलं आहे, तेव्हा मी ते नाव लिहीत नाही, घरातही कधी बोलले नाही.

तीन महिन्यांनी वही पुन्हा फिरली. भांडारातसुद्धा एक टर्मिनल होतं, म्हणून ती माझ्याकडेही आली. मी माझ्या नावापुढे आडवी रेघ मारून परत पाठवली. साहेबांनी बोलावलं. मी म्हटलं, रजेवर गेले तर माझं काम दुसऱ्याला त्याच्या स्वतःच्या नावानं करू द्या, माझ्या नावानं नाही. त्यांनी लेखी द्यायला सांगितलं, मी तिथेच उभ्या उभ्या लिहून दिलं. पुढच्या खेपेला वहीत आणखी दोन रेघा होत्या. त्या कोणी मारल्या हे मला माहीत होतं. त्या दोघी मला कँटीनमध्ये भेटल्या तेव्हा आम्ही त्याबद्दल एक शब्द बोललो नाही, पण त्या दिवशी समोसे त्यांनी आणले. त्यानंतर वही आली नाही. ती कुठे गेली कोणी विचारलं नाही.

भांडारात मी चौदा महिने काढले. नटबोल्टच्या याद्या मी चोख ठेवल्या, आडव्या-उभ्या बेरजांसकट. ज्या दिवशी रायपूरला बाईंच्या हाताखाली संशोधनाला जागा मिळाली त्या दिवशी राजीनामा दिला. आईला वाईट वाटलं, लागलेली नोकरी सोडते म्हणून. बाबांनी सुट्टी घेतली आणि माझी पुस्तकं पोत्यात भरून स्वतः रायपूरपर्यंत पोचवली. बाईंना त्यांनी हात जोडून नमस्कार केला, आणि पोरगी भांडखोर आहे एवढंच सांगितलं. बाई म्हणाल्या, तशीच हवी होती.

वर्षभरानं एके दुपारी बाईंच्या खोलीतला फोन माझ्यासाठी वाजला. साहेब होते. कारखान्यात नवी सिस्टीम आणायची होती, वरून विचारणा झाली होती, आणि त्यांना तो ओळख पटवायचा प्रोग्रॅम हवा होता. आवाज सरळ होता, ना गोड ना कडू. मी नाही म्हणेन अशी त्यांची अपेक्षा असावी, कारण त्यांनी लगेच सांगितलं की लेखी विनंती पाठवता येईल. मी म्हटलं, त्याची गरज नाही, पुढच्या शनिवारी मी घरी येते आहे तेव्हा फाटकावर फ्लॉपी देईन.

दिली. फ्लॉपीत सगळं होतं: तक्ता, प्रोग्रॅम, लबाडाचाही प्रोग्रॅम, कसं चालवायचं त्याची चार पानं. साहेब स्वतः फाटकावर आले होते. फ्लॉपी उलटून पाहत त्यांनी विचारलं, "यात सगळं आलं? काही ठेवून नाही घेतलंत?"

"सगळं आलं," मी म्हटलं. "प्रोग्रॅम लपवायचा नसतोच. तो चोराच्या हाती लागला तरी चालतो."

"आणि तुमचे ते छप्पन्न आकडे?"

"ते मी सोडून गेले त्या दिवशी पुसले."

त्यांनी मान डोलावली, फ्लॉपी खिशात ठेवली आणि आत जायला वळले. मी सायकल काढली आणि सेक्टर दहाच्या रस्त्याला लागले.